हँगरचा कॅमेरा आणि लाख फोटोंची भिंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आम्ही पाच जण मिळून एक डार्करूम, म्हणजे फिल्मवरचे फोटो धुवायची अंधारी खोली, चालवतो. शनिवारी नवीन कुणी आलं की दाराशेजारी टाचलेल्या दोन चित्रांपाशी थांबतं. एकात डोंगराच्या कुशीत पसरलेली लांबच लांब भिंत आहे, दुसऱ्यात फुटबॉलच्या मैदानासारखा अंथरलेला कपडा आणि त्याभोवती उभी असलेली माणसं. भिंत लोकांच्या घरच्या फोटोंची आहे, आणि कपडा म्हणजे विमानाच्या हँगरचाच, विमानं ठेवायच्या शेडचाच, कॅमेरा करून काढलेला एक फोटो. दोन्ही कामं दक्षिण कॅलिफोर्नियातली आहेत. ती पाहिली नसती तर आमची डार्करूम बहुधा माझ्या एकटीचीच राहिली असती, म्हणून त्यांच्याबद्दल बोलायला मी कधी कंटाळत नाही. तेच तेच प्रश्न येत असल्याने उत्तरं इथे लिहून ठेवते. शेवटी आमच्या खोलीबद्दलचेही काही प्रश्न आहेत.

लगूना कॅन्यन प्रोजेक्ट, लेगसी प्रोजेक्ट, द टेल, द ग्रेट पिक्चर. हे सगळं एकच आहे का?

नाही, पण धागा एक आहे. जेरी बर्चफील्ड आणि मार्क चेंबरलेन या दोन छायाचित्रकारांनी १९७३ मध्ये लगूना बीच या समुद्रकाठच्या गावात ‘बीसी स्पेस’ सुरू केलं. १९८० मध्ये दोघांनी गावाकडे येणाऱ्या रस्त्याचे फोटो काढायला घेतले, तो लगूना कॅन्यन प्रोजेक्ट. त्याच प्रकल्पातून १९८९ मध्ये ‘द टेल’ ही फोटोंची भिंत उभी राहिली. पुढे जॅक गार्निये, रॉब जॉन्सन, डग्लस मॅकलोह आणि क्लेटन स्पाडा हे चौघं त्यांना मिळाले आणि सहा जणांचा लेगसी प्रोजेक्ट झाला. ‘द ग्रेट पिक्चर’ म्हणजे तो अंथरलेला कपडा, या सहा जणांचं २००६ मधलं काम.

बीसी स्पेस म्हणजे गॅलरी होती की फोटो धुण्याचं दुकान?

दोन्ही, आणि मला त्यातलं हेच सगळ्यात आवडतं. बर्चफील्डचा बी आणि चेंबरलेनचा सी. एकाच छपराखाली प्रदर्शनाच्या भिंती होत्या आणि इतर कलाकारांना प्रिंट काढून देणारी प्रयोगशाळाही होती. कला मांडणाऱ्याचे हात हायपोत, म्हणजे फोटो पक्का करणाऱ्या रसायनात, भिजलेले असले की त्याला दुसऱ्याच्या कामाची मेहनत कळते. आपल्याकडच्या जुन्या फोटो स्टुडिओंत हेच होतं. पुढे काचेच्या कपाटात नवरानवरीचे फोटो आणि मागे पडद्याआड लाल दिवा. फरक असा की त्या पडद्यामागे गिऱ्हाइकाला कुणी बोलावत नसे.

एकाच रस्त्याचे फोटो वर्षानुवर्षं काढण्यात काय अर्थ?

लगूना कॅन्यन रोड हा डोंगरांमधून समुद्राकडे उतरणारा रस्ता. हायवेपासून प्रशांत महासागरापर्यंत साधारण नऊ मैल, म्हणजे साडेचौदा किलोमीटर. दोघांनी तो सगळा टप्प्याटप्प्याने टिपला, दिवसा टिपला, रात्रीही टिपला. आतल्या बाजूला शहर वाढत होतं आणि हा रस्ता त्या वाढीची वाट होता. जे जाणार आहे त्याची आधी नीट नोंद करायची, एवढाच सुरुवातीचा हेतू होता. प्रकल्प जवळजवळ तीस वर्षं चालला.

मुळा-मुठेच्या काठाची एकच वाट दर वर्षी फोटोत उतरवणारं कुणी असतं तर आज आपल्या हातात केवढा पुरावा असता, हा विचार माझ्या मनातून जात नाही. आम्ही दोन वर्षांपूर्वी एका छोट्या ओढ्यापासून सुरुवात केली आहे. उशिरा केली, पण केली.

‘द टेल’ हे काय नाव आहे? गोष्ट या अर्थाने?

उच्चारामुळे तसं वाटतं. पुरातत्त्वात ‘टेल’ म्हणजे माणसं एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या राहून गेल्यावर माती, राख, खापरं, हाडं यांच्या थरांनी तयार झालेलं टेकाड. आपल्याकडे त्याला पांढरीचं टेकाड म्हणतात. इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून खणलं ते असंच. त्या इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ ‘सांगणे’, तोही त्यांना हवाच होता. मातीच्या थरांऐवजी फोटोंचे थर, आणि खापरांऐवजी लोकांच्या घरचे वाढदिवस, लग्नं, सहली, कुत्री, गाड्या.

ती भिंत बांधली कशी? लोकांनी आपले घरचे फोटो खरंच देऊन टाकले?

दिले, आणि एक लाखाहून अधिक दिले. भिंतीची लांबी सहाशे फुटांच्या वर होती. सरळसोट नव्हती, मागच्या डोंगरांच्या रेषेसारखी चढत-उतरत जाणारी होती. सांगाड्यावर पृष्ठभाग आणि त्यावर फोटो. जवळ गेलं की प्रत्येक फोटो वेगळा: कुणाची आजी, कुणाची पहिली सायकल. लांबून पाहिलं की त्यांच्या रंगांतून मोठ्या आकृत्या दिसत.

फोटो चिकटवायला स्वयंसेवकांची रीघ लागली होती. या कामाचा जीव मला इथेच दिसतो. दोन छायाचित्रकारांकडे स्वतःचे हजारो फोटो होते, त्यांचीच भिंत सहज झाली असती. पण ती बघायला लोक एकदा आले असते आणि ‘छान आहे’ म्हणून घरी गेले असते. आपल्या आईचा फोटो ज्या भिंतीवर आहे ती बघायला माणूस मुलांना घेऊन येतो, शेजाऱ्याला घेऊन येतो आणि भिंतीमागच्या डोंगराचं काय होणार हेही विचारतो.

एक सावधगिरीची गोष्ट. आम्ही इथे घरचे फोटो गोळा करतो तेव्हा मूळ प्रत कधीच घेत नाही. ट्रंकेतला फोटो बहुतेक वेळा एकुलता एक असतो, निगेटिव्ह केव्हाच हरवलेली असते. आम्ही त्याची नक्कल काढतो आणि मूळ फोटो त्याच दिवशी परत देतो. फोटोतलं माणूस हयात असेल तर त्याला विचारतो. गेलेलं असेल तर घरातल्यांना विचारतो, एकालाच नाही.

उघड्यावर फोटो टिकतात का?

टिकत नाहीत. रंगीत प्रिंटमधले रंग सेंद्रिय असतात आणि अतिनील किरणांनी ते मोडतात. कॅलिफोर्नियाच्या उन्हात तर लवकरच. चित्र कायमचं हवं असेल तर उघड्यावरची भिंत ही चुकीची जागा. पण ज्या डोंगराबद्दल बोलायचं तो तिथे होता, म्हणून भिंतही तिथेच हवी होती. मला विचाराल तर त्यांनी टिकाऊपणापेक्षा जागा निवडली ते बरोबर केलं.

त्या भिंतीमुळे कॅन्यन वाचलं, हे खरं का?

अर्धं खरं. जमिनीची मालक असलेली आयर्व्हाइन कंपनी त्या दरीत सुमारे ३,२०० घरं आणि गोल्फचं मैदान करणार होती. विरोध आधीपासून चालू होता. पर्यावरणवाले, गावचे रहिवासी, चित्रकार असे सगळेच त्यात होते. ११ नोव्हेंबर १९८९ ला त्यांनी दरीतून पायी मोर्चा काढला. सात-आठ हजार माणसं चालली, आणि हे गाव केवढंसं ते बघता हा आकडा फार मोठा आहे. मोर्चा जिथे पोचला तिथे ‘द टेल’ उभी होती.

पुढच्या वर्षी कंपनीने जमीन विकायची तयारी दाखवली. किंमत ठरली ७ कोटी ८० लाख डॉलर. नोव्हेंबर १९९० मध्ये लगूना बीचच्या मतदारांनी स्वतःवर जादा कर घेऊन त्यातले २ कोटी उभे करायला मंजुरी दिली, आणि ती जवळजवळ ऐंशी टक्के मतांनी. आज तो भाग संरक्षित वनउद्यानात आहे. त्या दरीला ओलांडून जाणारा सॅन वाकीन हिल्सचा टोल रस्ता मात्र थांबला नाही, १९९६ मध्ये तो झालाच.

तेव्हा भिंतीने एकटीने काही वाचवलं असं मी म्हणणार नाही. पण मोर्चाला पोचायला एक जागा लागते. कलेक्टर कचेरीच्या फाटकापाशी पोचणं वेगळं आणि सगळ्यांनी मिळून उभारलेल्या गोष्टीपाशी पोचणं वेगळं. ती जागा फोटो चिकटवणाऱ्या हातांनी तयार करून ठेवली होती.

आता हँगरबद्दल. विमानाच्या हँगरचा कॅमेरा कसा होऊ शकतो? लेन्स कुठली वापरली?

लेन्स नव्हतीच. अंधारी खोली, एका भिंतीला बारीक भोक, समोरच्या भिंतीवर बाहेरचं दृश्य उलटं. कॅमेऱ्याचं मूळ हेच, आणि कॅमेरा या शब्दाचा अर्थही मुळात ‘खोली’ असाच.

एल टोरो हा अमेरिकी मरीन दलाचा विमानतळ. १९४३ मध्ये सुरू झाला, १९९९ मध्ये बंद. तिथे आंतरराष्ट्रीय विमानतळ करायचा की उद्यान, यावर वर्षानुवर्षं भांडण झालं आणि मार्च २००२ च्या मतदानात उद्यानाने बाजी मारली. या बदलाची छायाचित्रांतून नोंद ठेवायची म्हणून लेगसी प्रोजेक्ट. सगळं जमीनदोस्त होण्याआधी विमानतळानेच स्वतःचा फोटो काढावा, अशी कल्पना त्यातून निघाली. एफ-१८ लढाऊ विमानांचा एक हँगर त्यांनी घेतला. रुंदी सुमारे १६० फूट, खोली ८० फूट, उंची ४४ फूट. धातूच्या दारात जमिनीपासून १५ फुटांवर भोक पाडलं, व्यास जेमतेम ६ मिलिमीटर.

एवढ्या प्रचंड खोलीला तुरीच्या दाण्याएवढं भोक कसं पुरतं, हे सगळेच विचारतात. भोक मोठं केलं तर चित्र धूसर होतं. फार लहान केलं तर प्रकाश कडेला वाकून पुन्हा धूसर होतो. मधला नेमका आकार भोक आणि पडदा यांच्यातल्या अंतरावर ठरतो. पडदा ५५ फुटांवर होता, त्या अंतराला साधारण सहा मिलिमीटरच लागतात. वहीत गणित मांडून बघा, बरोबर येतं.

आणि फिल्म?

फिल्म नाही, कापड. साधं मलमलीच्या जातीचं सुती कापड, ३२ फूट बाय १११ फूट. पाचशे चौरस फुटांचे सात फ्लॅट भरतील एवढं. त्यावर ८० लिटर पातळ इमल्शन हाताने लावलं. इमल्शन म्हणजे जिलेटिनमध्ये मिसळलेले चांदीचे क्षार, तुमच्या-माझ्या काळ्यापांढऱ्या फोटोच्या कागदावर असतात तेच. हे सगळं सेफलाइटच्या, म्हणजे इमल्शनवर परिणाम न करणाऱ्या दिव्याच्या, मंद उजेडात. उजेडाची एक तिरीप आत आली की आठवड्यांची मेहनत काळी.

अंधार करणं हेच अर्धं काम होतं. पत्र्याच्या इमारतीला शेकडो फटी. २४,००० चौरस फूट काळं प्लास्टिक आणि जवळजवळ अडीच किलोमीटर काळी चिकटपट्टी लागली. आम्ही आमच्या दहा बाय बाराच्या खोलीची एक खिडकी बुजवताना तीन रविवार घालवले, त्यामुळे हा आकडा वाचला की मला त्या माणसांचे दुखरे खांदे दिसतात.

८ जुलै २००६ ला भोक उघडलं आणि ३५ मिनिटांनी झाकलं.

एवढा कपडा धुतला कसा?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न.

घरच्या डार्करूममध्ये तीन ट्रे असतात. पहिल्यात चित्र उमटवणारा डेव्हलपर, मग ते उमटणं थांबवणारा स्टॉप बाथ, मग हायपो. हायपोने फोटो पक्का होतो. त्यानंतर वाहतं पाणी. चिमट्याने कागद उचलायचा, निथळू द्यायचा, पुढच्या ट्रेत सोडायचा. इथे कागदाच्या जागी साडेतीन हजार चौरस फूट ओलं कापड. पाणी प्यायल्यावर ते उचलणं कुणा दहा-वीस जणांचं काम नव्हे. शिवाय डेव्हलपर सगळीकडे एकसारखा आणि एकाच वेळी पोचायला हवा, नाहीतर चट्टे पडतात.

त्यांनी पोहण्याच्या ऑलिंपिक तलावाच्या मापाचा एक ट्रे तयार केला. ऐंशी स्वयंसेवक कामाला लागले. डेव्हलपर ६०० गॅलन, म्हणजे सुमारे २,२७० लिटर, आणि हायपो त्याच्या दुप्पट. शेवटची धुलाई अग्निशमनाच्या नळांना जोडलेल्या पाइपांनी. अंधारात, रसायनांच्या वासात, आपल्या हातातला काठ सोडून बाकीचं चित्र कुणाला दिसत नसताना ऐंशी माणसं एका लयीत काम करत होती.

डार्करूममध्ये एकटं उभं राहून कोऱ्या कागदावर चित्र उमटताना पाहिलं असेल तर तुम्हाला माहीत आहे, तो क्षण माणूस आयुष्यभर विसरत नाही. तोच क्षण ऐंशी जणांनी एकत्र अनुभवला. सगळी तयारी धरली तर सुमारे ४०० माणसांचे हात या कामाला लागले. त्यातल्या प्रत्येकाला ‘हा माझा फोटो’ म्हणायचा हक्क आहे आणि तो खोटा नाही. सामायिक डार्करूम म्हणजे मशीन वाटून घेणं असं मला आधी वाटायचं. या कपड्याबद्दल वाचल्यावर कळलं की फोटोच वाटून घेता येतो.

चित्रात दिसतं काय?

नियंत्रण मनोरा, आसपासच्या इमारती, धावपट्ट्यांचा विस्तार आणि मागे डोंगर. चित्र निगेटिव्ह आहे, म्हणजे आकाश गडद आणि सावल्या उजळ. प्रतिमेचं माप ३१ फूट ७ इंच बाय १०७ फूट ५ इंच. गिनीजमध्ये सगळ्यात मोठा फोटो म्हणून नोंद झाली. कडेला इमल्शन लावताना राहिलेले फटकारे दिसतात, ते मला विक्रमाहून जास्त बोलतात.

२००६ मध्ये डिजिटल कॅमेरे घरोघरी होते. मग हा खटाटोप कशासाठी?

त्याच कारणासाठी. आधीची दोन वर्षं आठवा. २००४ मध्ये फिल्म आणि कागद बनवणारी ब्रिटनमधली इल्फर्ड दिवाळखोरीच्या दारात, २००५ मध्ये त्याच धंद्यातली आगफाफोटो बुडाली, त्याच वर्षी कोडॅकने काळ्यापांढऱ्या फोटोचा कागद बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. दीडशेहून अधिक वर्षांची कला डोळ्यांदेखत आवरती घेतली जात होती. त्या वेळी सहा जणांनी ठरवलं की जायचंच असेल तर तिला साजेसा निरोप देऊ. निरोप पुरा ठरला नाही, हे आपलं भाग्य. इल्फर्ड सावरली आणि तिचा कागद आजही मिळतो.

आपल्याकडे उटीला हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा कारखाना होता. ‘इंदू’ नावाची फिल्म आणि कागद तिथून येत. वयस्कर छायाचित्रकार ‘इंदू’चं नाव काढतात तेव्हा आवाज हळू होतो. तो कारखाना बंद पडला आणि आज आपला प्रत्येक कागद बाहेरून येतो. किंमत बघून नवीन मुलं दचकतात, ते बरोबरच आहे. म्हणूनही डार्करूम वाटून घ्यावी लागते.

एवढी रसायनं! पर्यावरणासाठी लढणाऱ्यांना हे कसं चाललं?

प्रश्न रास्त आहे. वापरलेल्या हायपोत विरघळलेली चांदी असते आणि ती पाण्यातल्या जीवांना घातक. डेव्हलपर त्यामानाने सौम्य, पण तोही नदीत जायची वस्तू नव्हे. दुसरी बाजू अशी की एल टोरोच्या भूजलात विमानं साफ करायच्या द्रावकांचं प्रदूषण इतकं होतं की १९९० मध्ये अमेरिकी सरकारने तो तळ सर्वाधिक दूषित जागांच्या राष्ट्रीय यादीत घातला. त्या जमिनीखाली काय आहे याची जाणीव ठेवूनच हे लोक तिथे वावरत होते.

आमच्यापुरतं सांगते. वापरलेला हायपो आम्ही झाकणाच्या कॅनमध्ये साठवतो आणि त्यात स्टील वुल, म्हणजे लोखंडाच्या बारीक तारांचा चोथा, सोडतो. लोखंड विरघळतं, चांदी काळ्या गाळासारखी खाली बसते. जुन्या एक्स-रे फिल्ममधून चांदी काढणारे लोक हा गाळ घेतात. मोरीत हायपो ओतताना दिसलेल्या सदस्याला आम्ही एक महिना खोलीची किल्ली देत नाही. हा नियम सगळ्यांनी मिळून केला आहे आणि तो पहिल्यांदा माझ्यावरच लागू झाला.

लष्करी तळावर, बंद हँगरमध्ये काढलेला फोटो ही सार्वजनिक कला कशी?

कारण जागा सार्वजनिक होणार होती, काम करणारे हात सार्वजनिक होते आणि चित्र पुढे लोकांसमोर आलं. सप्टेंबर २००७ मध्ये पॅसाडिनाच्या आर्ट सेंटर कॉलेज ऑफ डिझाइनमध्ये ते पहिल्यांदा लागलं. २०१४ मध्ये स्मिथसोनियनच्या विमान संग्रहालयाच्या उड्वार-हेझी केंद्रात. भिंतीवर रंगवलं म्हणजे सार्वजनिक आणि चौकटीत लावलं म्हणजे खासगी, अशी विभागणी मला पटत नाही. कुणाला आत येऊ दिलं, हे मी बघते.

आमचा मुलगा आयर्व्हाइनला आहे. तिकडे गेल्यावर हे बघता येईल का?

चित्र तिथे कायमचं लावलेलं नाही. जागा मात्र बघता येईल. तोच एल टोरो तळ आता आयर्व्हाइनमधला ग्रेट पार्क झाला आहे. दोराला बांधलेला भला मोठा नारिंगी फुगा जिथून वर जातो ते उद्यान, मुलांकडे गेलेल्या बऱ्याच आईबाबांनी ते पाहिलं असेल. पुढच्या वेळी फुग्याकडे बघून झालं की धावपट्ट्यांचे उरलेले तुकडे शोधा. आणि तिथून गाडीने समुद्राकडे जाताना लगूना कॅन्यन रोडच लागतो. दोन्ही बाजूंना घरं दिसणार नाहीत असा जो पट्टा आहे, तिथे वेग कमी करून बघा.

तो हँगर जळाला ना? बातमी वाचली होती.

नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये जळाला तो शेजारच्या टस्टिन तळावरचा दुसऱ्या महायुद्धातला लाकडी हँगर. त्याचा या फोटोशी संबंध नाही.

आपल्याकडे असं काही झालंय का?

हँगरएवढं नाही. पण २०१७ मध्ये मुंबईत ससून डॉकला कला प्रकल्प झाला तेव्हा तिथल्या कोळी समाजातल्या माणसांचे मोठाले काळेपांढरे चेहरे भिंतींवर चिकटवले होते. फ्रेंच कलाकार जेआर याच्या ‘इनसाइड आउट’ या जगभरच्या उपक्रमाचा तो भाग. १८७५ पासून चालू असलेल्या धक्क्यावर, पहाटे मासळी उतरवणाऱ्या बायकांनी वर बघितलं तर स्वतःचाच चेहरा. याच जेआरने त्याआधी भारतात एक युक्ती केली होती. उघड चिकटवणं अवघड म्हणून त्याने पांढरे कागद लावले, ज्यांचा काही भाग चिकट होता. रस्त्याची धूळ चिकट भागावर बसत गेली आणि हळूहळू चित्र उमटलं. आपल्या रस्त्यावरच्या धुळीला डेव्हलपर करणारी ही कल्पना मला अजून थक्क करते.

आपल्या गल्लीत भिंतीवर फोटो लावायचे तर परवानगी लागते का?

लागते. महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा आहे. खासगी भिंत असेल तर मालकाची लेखी संमती, सोसायटीची असेल तर कमिटीचं पत्र, सार्वजनिक असेल तर पालिकेची परवानगी. तोंडी ‘लावा हो’ वर जाऊ नका, चेअरमन बदलतो.

चिकटवायला मैद्याची खळ सगळ्यात चांगली. पातळ शिजवायची, गुठळी राहू द्यायची नाही, किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद. मोरचूद विषारी आहे, तेव्हा स्वयंपाकाचं भांडं वापरू नका आणि लहान मुलांच्या हाती ब्रश देणार असाल तर मोरचूद वगळा. कागद साधा, पातळ. पहिल्या पावसात निघून जातो, भिंतीला डाग राहत नाही.

घरात खोलीचा कॅमेरा करता येईल?

जरूर करा, मुलांच्या सुट्टीत करा. समोर उन्हातली इमारत किंवा झाड दिसेल अशी खोली निवडा. खिडकीला काळं प्लास्टिक किंवा जाड पुठ्ठा, फटींना चिकटपट्टी. पुठ्ठ्याला रुपयाच्या नाण्याच्या निम्म्या व्यासाचं भोक. नुसतं बघायचं असेल तर भोक थोडं मोठंच असू द्या, उजेड जास्त मिळतो. दहा मिनिटं अंधारात बसा, डोळे सरावू द्या. समोरच्या भिंतीवर रस्ता उलटा चालू लागेल, रिक्षा छताला लटकून जातील. भिंतीवर काळ्यापांढऱ्याचा कागद लावून फोटोही घेता येतो. कडक उन्हात एक-दोन मिनिटांपासून चाचणी सुरू करा, काळं फार झालं तर वेळ कमी करा.

पाच जण एक डार्करूम वापरता, भांडणं होत नाहीत?

होतात. बहुतेक भांडणं ट्रे न धुण्यावरून. पहिल्या वर्षी कुणीतरी आत माणूस असताना दार उघडलं आणि कागदाचं अख्खं पाकीट गेलं. ते कुणी केलं हे माहीत असूनही आम्ही पाचांनी मिळून पैसे भरले. त्या दिवसापासून ही खोली खरी सामायिक झाली असं मी मानते. आता दाराला आतून कडी आहे, प्रत्येक बाटलीवर तारीख आहे, आणि ओली बाजू व कोरडी बाजू यांच्यामध्ये जमिनीवर पांढरी पट्टी आहे. हायपोचे हात घेऊन ती पट्टी ओलांडायची नाही.

उन्हाळ्यात काम कसं करता?

डेव्हलपर २० अंशांना हवा आणि एप्रिलमध्ये आमच्या टाकीचं पाणी तिशीच्या पुढे असतं. डेव्हलपरचा ट्रे दुसऱ्या मोठ्या ट्रेत ठेवतो आणि त्यात बर्फाच्या पिशव्या. तरी मे महिन्यात दुपारी काम बंद, पहाटे पाच ते नऊ. पावसाळ्यात उलटी काळजी. निगेटिव्हला बुरशी धरते, म्हणून त्या हवाबंद डब्यात सिलिका जेलबरोबर.

मला काहीच येत नाही. येऊ का?

या. शनिवारी दुपारनंतर कुणीतरी असतं. पहिल्या दिवशी एन्लार्जरला, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो काढायच्या यंत्राला, हात लावायचा नाही, फक्त ट्रे हलवायचा आणि बघायचं. जुने कपडे घाला, हायपोचे डाग जात नाहीत. पावलं झाकणाऱ्या चपला असाव्यात. आजोबांची एखादी निगेटिव्ह घरात सापडली तर वर्तमानपत्रात नका गुंडाळू, वहीच्या कोऱ्या पानात ठेवून आणा. फोन बंद करून बाहेरच्या फळीवर, आणि घड्याळाचे काटे अंधारात चमकत असतील तर तेही खुंटीला अडकवा.